हाक मारली तरी ओ द्यायचा नाही

माझा नवरा फायरमन आहे. लग्नाआधी मला वाटायचं, फायरमनची बायको म्हणजे दाराकडे डोळे लावून बसलेली बाई. प्रत्यक्षात दाराकडे बघायला सवडच मिळत नाही, कारण तो घरी असला की डोळे लावायचे ते प्लगांकडे. इस्त्रीचा प्लग काढलास का? मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करतेस का? एका मल्टिप्लगला तीन यंत्रं लावलेली दिसली की त्याचा चेहरा असा होतो, जणू मी पाळण्यात साप सोडलाय. जिन्यात कुणी सायकल लावली तर हा ती उचलून खाली नेऊन ठेवतो आणि वर येऊन त्यांची बेल वाजवून सांगतो, "तुमची सायकल खाली आहे. सुखरूप आहे." शेजारी आता त्याचा आवाज ओळखून दार उघडत नाहीत.

असा हा माणूस. आणि चूक केली ती त्यानेच, आणि तीही अशी, की दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या बापाच्या हातून झाली नसती.

स्टेशनवर त्याला 'भिंग' म्हणतात. धुराने भरलेल्या घरात माणूस शोधायचा असेल तर आधी भिंगाला पाठवतात. धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, असं तो सांगतो. गुडघ्यांवर बसायचं, डावा हात भिंतीवर ठेवायचा आणि काही झालं तरी तो भिंतीवरून उचलायचा नाही. उजव्या हाताने जमीन चाचपत पुढे सरकायचं. पलंग आला की खाली हात फिरवायचा, कपाट आलं की उघडून आत चाचपायचं. भिंत संपत नाही तोवर खोली संपत नाही. हे सगळं तो इतक्या वेळा सांगतो, की मी आता एखाद्या खोलीत शिरले की डावा हात आपोआप भिंतीकडे जातो.

आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. जन्मली तेव्हा एवढीशी आणि गोल होती म्हणून तिच्या बाबाने तिला 'बटण' म्हटलं आणि ते नाव शिवून टाकल्यासारखं पक्कं बसलं. बटणला लपाछपी आवडते. आता तुम्ही-आम्ही चिमुरड्या पोरीशी लपाछपी कशी खेळतो? पडद्याखाली तिचे पाय दिसत असतात, पडदा हसून हसून हलत असतो, आणि आपण घरभर फिरत म्हणतो, "अगंबाई, कुठे बरं गेली असेल?" लिंबूटिंबूशी खेळायची हीच रीत असते.

भिंगाला ही रीत माहीत नव्हती. त्याच्यावर राज्य आलं की तो डोळे मिटून गुडघ्यांवर बसायचा, डावा हात भिंतीला लावायचा आणि अकरा सेकंदांत पोरीचा पाय धरायचा.

"अरे, जरा वेळ लाव की," मी म्हणायचे. "तिला मजा यायला नको का?"

"वेळ कसा लावू? सापडली ना!"

बटण चिडायची, रडायची, डोळे पुसून परत लपायची. आणि हा तिची समजूत काय घालायचा, तर तिला चुका समजावून सांगायचा. "हे बघ, पलंगाखाली मी सगळ्यात आधी बघणार. सगळी मुलं पलंगाखालीच जातात. मग कपाट, मग बाथरूम. तू असं काहीतरी शोध, जे माझ्या हाताला लागणारच नाही."

पोरीने शोधलं. वर्षभरात ती इतकी तयार झाली, की मी एकदा दुलई घडी करायला उचलली तर दुलईच्या खोळीत, दुलईबरोबर, सपाट होऊन ही पडलेली. एकदा सोफ्याच्या पाठीमागे, फाटलेल्या अस्तरातून आत. बाबाचा अकरा सेकंदांचा विक्रम आधी मिनिटावर गेला, मग चार मिनिटांवर. हार मात्र त्याने कधी मानली नाही. शेवटी सापडायचीच. सापडली की तो तिला खांद्यावर घेऊन नाचायचा. "काय जागा काढलीस, बटण! कुणाची पोरगी आहेस!"

त्यातच एक दिवस त्याने तो नियम केला. शोधून शोधून थकला तेव्हा त्याने सहज हाक मारली, "बटण!" आणि खोळीतून आवाज आला, "ओ!"

"ओ काय देतेस?" तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. "ज्याच्यावर राज्य असतं तो हाक मारणारच. ती त्याची युक्ती असते. हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. हलायचं नाही, हसायचं नाही. कितीही वेळा मारू देत. तो 'हरलो' म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही."

बटणने मान हलवली. शपथ घेताना माणसं हलवतात तशी.

सगळा दोष त्याच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही. मला हा खेळ फार सोयीचा होता. बटण जागी असताना गप्प असते ती फक्त लपलेली असताना. बाप भिंती चाचपतोय, लेक कुठेतरी श्वास धरून बसलीय, घरात चिडीचूप शांतता, आणि माझा चहा गरम. एकदा तर धुवायच्या कपड्यांची टोपली मीच तिला सुचवली. ती आत बसल्यावर वरून टॉवेल टाकला आणि दुसरा कप करून घेतला.

वर्षातून एकदा स्टेशनची माणसं बालवाडीत येतात. त्यामागे कारण आहे. पूर्ण पोशाखातला फायरमन लहान मुलाच्या डोळ्यांनी बघा. डोक्यावर हेल्मेट, तोंडाच्या जागी काच आणि रबर, पाठीवर सिलिंडर, आणि श्वास घेतला की घोरणाऱ्या राक्षसासारखा आवाज. मूल त्याला बघून जवळ येत नाही, आणखी आत पळतं. म्हणून हा पोशाख मुलांच्या समोर, एकेक करून घालायचा, म्हणजे आत साधा माणूसच आहे हे त्यांना दिसतं.

या वर्षी पोशाख घालायला मॅडमनी भिंगाला निवडलं. मॅडम म्हणजे स्टेशनच्या प्रमुख. केस आखूड कापलेले, बोलणं त्याहून आखूड. "तुझा चेहरा बघून कुत्रंसुद्धा भुंकत नाही," त्या म्हणाल्या. "मुलांसाठी तूच बरा."

मुलांशी बोलायचं काम शिडीकाकांचं. ते स्टेशनची मोठी शिडी चालवतात आणि स्वतःही जवळजवळ तेवढेच आहेत. आयुष्यभर डोकं आपटून घेतल्यामुळे आता ते मोकळ्या मैदानातही वाकून चालतात.

आम्हा आईवडिलांनाही बोलावलं होतं. तेवीस मुलं जमिनीवर बसली, आम्ही मागे उभे राहिलो, आणि भिंगाने बूट चढवले.

"हे काय आहे?" शिडीकाकांनी विचारलं.

"बूट!"

"आणि बुटात कोण आहे?"

"काका!"

"तो काका नाही," पहिल्या रांगेतून बटण उभी राहिली. "तो माझा बाबा आहे. त्याला झुरळाची भीती वाटते."

मागे सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी खिशातून पेन काढून हातावर काहीतरी लिहिल्याचं नाटक केलं. भिंगाने कान लाल होईपर्यंत कोटाच्या बटणांशी झटापट केली. मग टोपी, मग मास्क, मग हेल्मेट. मास्क चढल्यावर पहिला घर्र आवाज आला तशी समोरची एक मुलगी भोकाड पसरायच्या बेतात आली. हा पटकन गुडघ्यांवर बसला आणि त्याने जाडजूड हातमोज्याचा हात पुढे केला. एकेकाने येऊन हात मिळवला. बटणने दोनदा.

मग शिट्टी, म्हणजे आग लागली असं समजून सगळ्यांनी बाहेर पडायचं. ड्रिल. बालवाडीच्या ताईंनी गाठी मारलेली दोरी काढली, एकेका मुलाने एकेक गाठ धरली आणि रांग आवारातल्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. मॅडमच्या हातात घड्याळ. ताईंनी मुलं मोजली. मग पुन्हा मोजली, या वेळी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून.

"बावीस," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरासा वर गेला.

दोरीची एक गाठ रिकामी होती. कुणाची, ते मला ताईंच्या आधी कळलं होतं.

"भिंग, जा रे बाबा," शिडीकाका म्हणाले. "हे तुझंच रत्न दिसतंय."

आणि खरं सांगते, तो खुशीत आत गेला. जाता जाता मला अंगठा दाखवला. इतक्या लोकांसमोर आपल्या पोरीला शोधून काढायचं! मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दोन खोल्या, एक संडास, एक सामानाची खोली. तो गुडघ्यांवर बसला, डावा हात भिंतीला लावला. मग हाक मारली, "बटण!" आणि त्याचे खांदे थांबले.

हे मी घरच्या खेळात कधी नीट बघितलं नव्हतं. मास्क घातल्यावर स्वतःच्याच श्वासाचा एवढा आवाज येतो, की दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून हाक मारली की फायरमन श्वास रोखून धरतो. छाती हलत नाही, कानात सगळा जीव असतो. तीन-चार सेकंद. कुणी कण्हलं, खोकलं, ओ दिला, तर तेवढ्यातच ऐकू येणार.

कुणी ओ दिला नाही.

तो पुढे सरकला. पुन्हा हाक, पुन्हा खांदे थांबले. संडास बघितला. सामानाची खोली बघितली. दुसरी खोली. तोवर शिडीकाकाही वाकून आत गेले होते, उजव्या भिंतीने. पाच मिनिटं झाली. आईवडिलांनी फोन काढून शूटिंग सुरू केलं होतं, ते आता हळूहळू फोन खाली घ्यायला लागले.

"मास्क काढू का?" त्याने आतून ओरडून विचारलं. तिने आपला चेहरा बघावा, असं त्याला वाटलं असेल.

"खऱ्या वेळी काढशील?" मॅडमनी बाहेरून विचारलं.

त्याने काढला नाही. सातवं मिनिट लागलं तेव्हा तो खोलीच्या मध्यभागी बसला होता. ज्या माणसाने डावा हात भिंतीवरून कधी उचलला नाही, त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"अरे!" मी खिडकीतून म्हटलं. "हरलो म्हण."

त्याने काच माझ्याकडे वळवली.

"हरलो म्हटल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. नियम तुझाच आहे."

मास्कमधून काहीतरी घरघरलं.

"काय म्हणाला?" मॅडमनी विचारलं.

"हरलो म्हणतोय," आतून शिडीकाकांनी सांगितलं.

कोपऱ्यात मुलांच्या झोपायच्या गाद्या गुंडाळून उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यांतली मधली गादी हलली, डुलली आणि उलगडली. आतून बटण निघाली. केस उभे, गाल लालबुंद, आणि विजयाने फुटायच्या बेतात. "मी जिंकले! बाबाने पाच वेळा हाक मारली! पाच! मी ओ दिलाच नाही!"

आईवडिलांनी टाळ्या वाजवल्या. तीन माणसांनी वाजवल्या नाहीत. मॅडम, शिडीकाका आणि तो. तो मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसला होता, मास्क मांडीवर घेऊन.

मॅडमनी घड्याळ त्याच्या समोर धरलं. नऊ मिनिटं दहा सेकंद. "एक मूल आत राहिलं. ड्रिल नापास. पुन्हा येऊ. दिवस सांगणार नाही." आणि जाता जाता थांबून, "तेव्हा आत तू जायचं नाहीस. खऱ्या वेळी तुझीच शिफ्ट असेल, असं कुणी लिहून दिलंय?"

त्या दिवशी घरी त्याने एकही प्लग तपासला नाही. यावरूनच मला त्याची अवस्था कळली.

"आग लागली की मुलं पळत नाहीत," जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला. "मुलं लपतात. लोकांना हेच तर सांगत फिरतो आम्ही. मूल घाबरतं, लपतं आणि हाका ऐकूनही गप्प बसतं. आणि मी घरी बसून शिकवणी घेतली त्याची. वर्षभर. फुकट."

मी त्याला टोपलीचं सांगून टाकलं. टॉवेलसकट.

"टोपली तुझी होती?" त्याने मान वर केली. "मला वाटलं, तिने स्वतः काढली. मी स्टेशनवर सगळ्यांना सांगितलं होतं!" आणि तो हसला, पण अर्ध्यातच थांबला.

दुसऱ्या दिवसापासून उलटी शिकवणी सुरू झाली.

"बटण, इकडे ये. आग लागली आणि कुणी हाक मारली, तर काय करायचं?"

"ओ द्यायचा."

"शाब्बास! आणि लपाछपीत?"

"नाही द्यायचा."

"बरोबर. म्हणजे... हो, बरोबर."

"पण बाबा," बटणने डोळे बारीक केले, "आग लागली असं तू खोटंच सांगितलंस तर?"

"मी खोटं का सांगेन?"

"युक्ती."

तो माझ्याकडे वळला. मी भांडी घासण्यात गुंग झाले.

मग त्याने नवा नियम काढला. हाक मारल्यावर जो आधी ओ देईल तो जिंकला. बटणने तो एकदा खेळून बघितला. "मग लपायचं कशाला? हा रडीचा डाव आहे," असं म्हणून ती रंगवायला निघून गेली. मी माझ्या परीने बिस्किटं लावली. ओ दिला की एक बिस्किट. दोन दिवसांत ती हाक न मारताही ओ देत माझ्या मागे मागे फिरू लागली. पण लपली की पुन्हा दगड. "ते खेळात नसतं, आई," तिने मला समजावलं, आणि डब्याकडे हात नेला.

तो मात्र हसायचा कमी झाला. ड्यूटीला निघाला की जिन्यापर्यंत जाऊन परत यायचा, दारातून हाक मारायचा, "बटण!" आतून ओ ऐकायचा आणि मग जायचा. "लपली नव्हती ना पण," असं एकदा जाता जाता स्वतःशीच म्हणाला. त्याला झोपेतून मध्येच उठून तिचा पलंग चाचपताना मी बघितलं आहे. पलंगावर नाही. पलंगाखाली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याने आपलं जुनं हेल्मेट काढलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. "आज राज्य तुझ्यावर."

बटणवर आजवर कधी राज्य आलंच नव्हतं. आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती वीसपर्यंत मोजत होती, मध्ये चौदा विसरली, आणि तेवढ्यात हा गायब झाला.

आता सांगा, दोन खोल्यांच्या घरात एवढा मोठा गडी कुठे लपणार? माझ्याही लक्षात आलं नाही. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅलरीकडे नजर गेली. दोरीवर चादरी वाळत होत्या आणि चादरींखाली दोन बादल्या होत्या. पाय दिसू नयेत म्हणून हा माणूस दोन बादल्यांत दोन पाय घालून उभा होता.

बटण गुडघ्यांवर बसली. डावा हात भिंतीला. हेल्मेट नाकापर्यंत घसरलेलं. तिने पलंगाखाली हात फिरवला, कपाट उघडलं, टोपली उपडी केली. मग तिने हाक मारली, "बाबा!" आणि गाल फुगवून, श्वास कोंडून, ऐकत बसली. हे तिने कधी बघून ठेवलं होतं, कोण जाणे. गादीच्या गुंडाळीतूनही तिला सगळं दिसत असणार.

ओ नाही.

"बाबा!" बाथरूम झालं. सोफ्याच्या मागे झालं. "बाबा!" चौथी हाक जरा बारीक निघाली. "बाबा, खरं सांग, कुठे आहेस?"

माझा चहा समोर निवत होता. तोंडावर आलं होतं, की जा, गॅलरीत बघ. पण दोघांच्या मधे पडायची ती वेळ नव्हती. चादर हलली. तो दहा हाका थांबणार होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. दहा हाका थांबायचं, म्हणजे पोरीला चांगलं समजेल, असं त्याने ठरवलं होतं.

पाचव्या हाकेला बटण खोलीच्या मध्ये उभी राहिली. हेल्मेट काढून पोटाशी धरलं, म्हणजे कान मोकळे राहावेत. गाल फुगवले. ऐकत राहिली. डोळ्यांत पाणी भरलं, खाली आलं, तरी तिने श्वास सोडला नाही.

"ओ!" गॅलरीतून आवाज आला. पाठोपाठ बादली गडगडली आणि हा चादरीसकट आत आला. दुसरी बादली पायात तशीच.

मला हसू आवरेना. बटण हसली नाही. ती धावत गेली आणि तिने त्याच्या मांडीवर मुठी मारायला सुरुवात केली. "एवढा वेळ गप्प का बसलास? मी केवढ्या हाका मारत होते! मला वाटलं, तू नाहीच आहेस!"

तो बादलीसकट खाली बसला. "नियम होता ना."

"घाण नियम आहे!"

"कुणी केला?"

"तू!"

"मग काढून टाकू या?"

तिने नाक ओढलं. विचार केला. "माझ्या वेळी पण?"

"तुझ्या वेळी पण. मी हाक मारली, शिडीकाकांनी मारली, तोंडावर काहीही लावून कुणीही आलं आणि हाक मारली, तरी. खेळ असो नाहीतर नसो."

"आणि आईने मारली तर?"

"आईने मारली तर तू कधी ओ दिलायस?"

"ए!" मी म्हटलं.

पण पोरीच्या मनात नेमकं काय राहिलं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? घरात बाबाला दिलेला शब्द एक, आणि काचेच्या तोंडाचा परका माणूस समोर आल्यावर आठवलेला शब्द दुसरा. ते दिवस आम्ही दोघांनी मॅडमच्या पुढच्या ड्रिलची वाट बघण्यातच काढले, एकमेकांना तसं न सांगता.

गुरुवारी दुपारी मी तिला आणायला गेले तर बालवाडीसमोर बंब उभा. आणि फाटकाबाहेर, हात मागे बांधून, भिंग.

"तू बाहेर कसा?"

"शिक्षा," तो म्हणाला. "मॅडमनी बंबात बसवून आणलं आणि इथे उभं केलं. म्हणाल्या, हलायचं नाही."

शिट्टी आधीच झाली होती. रांग दोरी धरून आली. वीस मुलं. तीन मुलांना मॅडमनी मुद्दाम आत थांबवलं होतं. कुणाला काही शिकवलं नव्हतं. "आत थांबा, काका येतील," एवढंच. त्या तिघांत बटण होती.

शिडीकाका मास्क चढवून आत गेले. पहिलं मूल लगेच निघालं, रडत, पण काकांच्या मानेला घट्ट धरून. दुसरी मुलगी सामानाच्या खोलीतून. मग ते तिसऱ्यांदा आत गेले.

"कोण आहे आत?" मास्कमधून हाक आली. त्यांनी नाव घेतलं नाही. आगीत मुलांची नावं कुणी पाठ करून जात नाही. तो आवाज शिडीकाकांचा वाटत नव्हता, माणसाचाही वाटत नव्हता. रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलल्यासारखा.

मग शांतता. रस्त्यावरून एक गाडी गेली. मी भिंगाकडे बघितलं. त्याचे खांदे थांबले होते.

"ओ!"

तो 'ओ' एवढा मोठा होता, की समोरच्या दुकानातला शिंपी कात्री हातात घेऊन बाहेर आला. "ओ! मी इथे! गाद्यांच्या मागे नाही, पुढे! इकडे या! इकडे! ओ!" आणि तो थांबेचना. शिडीकाकांनी तिला उचलल्यावरही चालू, दारातून बाहेर येईपर्यंत चालू, भिंतीशी आणून उतरवेपर्यंत चालू. काकांनी मास्क काढून कानात बोट घातलं. "वहिनी, सापडली हो. पण हिला बंद कुठून करायचं?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं चाळीस." मग फाटकाकडे न बघता, "ये आत."

तो पळाला नाही. पळायचं नाही असं ठरवून चालणारा माणूस जसा चालतो, तसा गेला आणि बटणच्या समोर वाकला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी तीच बोलली.

"बाबा, माझा एक बूट आत राहिला."

खरंच, एक पाय नुसत्या मोज्यात होता.

"राहू दे."

"आणून दे ना. तिथेच आहे, गादीपाशी. मला दिसतोय सुद्धा!"

मला वाटलं, आज हा पोरीसाठी चंद्रसुद्धा आणून देईल. पण भिंग तो भिंगच. "एकदा बाहेर आलं की आत जायचं नाही. कशासाठीच नाही. मॅडम सांगतील तेव्हाच."

बटणचा ओठ पुढे आला. उन्हाने फरशी तापली होती. तिने मोज्यातला पाय उचलून त्याच्या भल्या मोठ्या बुटावर ठेवला आणि तोल सांभाळायला त्याचा कान धरला.

"मग त्याला हाक मारू या," ती म्हणाली.

"बुटाला?"

"हो."

"बूट ओ देत नाही, बटण. म्हणून तर तो आत राहिला."

तिने दारातून आतल्या बुटाकडे बघितलं.

"मी दिला," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "तू दिलास."

"भिंग," मागून मॅडमचा आवाज आला, "मिठ्या नंतर. तिला रांगेत उभं कर. माझी मोजणी व्हायचीय."